गाडी आली, बस नाही आली

आठ महिने आणि अकरा दिवस. बुकिंगचे पैसे भरल्यापासून चावी हातात पडेपर्यंत एवढा वेळ गेला. या काळात माझ्या फोनमध्ये सगळ्यात जास्त वेळा उघडलेला चॅट बायकोचा नव्हता, शोरूममधल्या सेल्सवाल्याचा होता. "सर, अलॉटमेंट पुढच्या आठवड्यात." "सर, गाडी ट्रेलरवर चढली." "सर, तुमचा कलर सोडून घेता का, लगेच देतो." एकाच मॉडेलसाठी खोळंबलेल्या लोकांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही होता. कोणाची गाडी आली की बाकीचे अभिनंदन करायचे आणि मनातल्या मनात जळायचे.

शेवटी एका शनिवारी लिंक रोडवरच्या शोरूममध्ये बोलावणं आलं. गाडीवर लाल सॅटिनचं कापड, बाजूला केक, पुठ्ठ्याची हातभर लांब चावी, स्पीकरवर ढोलताशा. आईने हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. फोटोग्राफर म्हणाला, "सर, कापड हळू ओढा, रील काढायचंय." मी कापड तीनदा ओढलं.

सेल्सवाल्या मुलाने बाबांसाठी मागचं दार उघडलं आणि कौतुकाने विचारलं, "काका, पहिल्यांदाच बसताय ना इलेक्ट्रिक गाडीत?"

बाबा म्हणाले, "नाही हो. चौतीस वर्षं रोज गेलो. बोरिवली ते चर्चगेट. फक्त बसायला मिळायचं नाही."

सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना हायवेवर पाऊण तास एका जागी उभा होतो तेव्हा लक्षात आलं की बाबांनी विनोद केला नव्हता, माहिती दिली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची रेल्वे धावली. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. त्याच्याही आधी, १९०७पासून, मुंबईच्या रस्त्यांवर विजेची ट्राम होती. ती आपण १९६४मध्ये बंद केली. म्हणजे बोरिवलीत विजेची गाडी काही मी आणलेली नाही. ती येऊन जवळपास शतक झालं. तिच्यात चार हजारांहून जास्त माणसं मावतात आणि तिला सोसायटीत पार्किंग लागत नाही.

माझी गाडी वाईट नाही. छान आहे, आवाज नाही, धूर नाही, पिकअप असा की मान मागे जाते. माझी तक्रार तिच्याबरोबर फुकट मिळालेल्या पुण्याबद्दल आहे. हिरवी नंबरप्लेट लागली त्या दिवसापासून लोक मला पर्यावरणासाठी काहीतरी केलेला माणूस समजतात. सरकारही समजतं, आणि त्याबद्दल मला रोख बक्षीस देतं. हे बक्षीस कोणाच्या खिशातून येतं, ते पाहू.

कोटेशनमधलं शून्य

ऑन-रोड किमतीच्या कागदावर एक ओळ होती: रोड टॅक्स, शून्य. महाराष्ट्रात पेट्रोल गाडी घेतली तर किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के कर भरावा लागतो. माझी गाडी साधारण वीस लाखांची. १२ टक्के धरले तर दोन लाख चाळीस हजार रुपये राज्य सरकारने माझ्याकडून घेतलेच नाहीत. जीएसटी १ ऑगस्ट २०१९पासून पाच टक्के आहे. मोठ्या पेट्रोल गाडीवर तो आता ४० टक्के आहे. अटल सेतूवर कारला एका फेरीचे २५० रुपये पडतात, इलेक्ट्रिक कारला ऑगस्ट २०२५पासून शून्य. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्ग हेही राज्याच्या २०२५च्या ईव्ही धोरणातल्या टोलमाफीत आहेत.

आता त्या दोन लाख चाळीस हजारांचं दुसरं मोजमाप घेऊ. बेस्टच्या एसी बसचं किमान तिकीट १२ रुपये. त्या पैशांत अशी वीस हजार तिकिटं येतात. रोज जाऊन-येऊन दोन, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे तेहतीस वर्षं. एखाद्या माणसाची अख्खी नोकरी त्यात निघते. एका इंजिनिअरने एक गाडी घेतली म्हणून एवढी सूट.

तुम्ही म्हणाल, सरकारने सवलत दिली नाही तर लोक पेट्रोलच घेतील. सुरुवातीला हे खरं असतं. नॉर्वेने हेच केलं. टोल माफ, कर माफ, बसच्या राखीव मार्गिकेतून जायची परवानगी. गाड्या वाढल्यावर ऑस्लोजवळच्या बसमार्गिकांमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचीच गर्दी व्हायला लागली, मग निर्बंध आले. २०२३पासून महागड्या इलेक्ट्रिक गाड्यांवर तिथे मूल्यवर्धित करही लागतो. पण नॉर्वेतल्या माणसाच्या दारात बस वेळेवर येते. तो गाडी घेतो तेव्हा मागे एक चालू व्यवस्था सोडून जातो. आपण मागे काय सोडून जातो?

१४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही वेशींवर, दहिसरला, मुलुंडला, ऐरोलीला, कारचा टोल माफ झाला. ४५ रुपये वाचले. दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, ९ मे २०२५ला, बेस्टचं किमान भाडं पाचाचं दहा झालं आणि एसी बसचं सहाचं बारा. कारवाल्याचे ४५ वाचवणारं आणि बसवाल्याचे पाच वाढवणारं शहर एकच. फरक एवढाच की पहिल्या निर्णयाच्या वेळी मतं मागायला जायचं होतं, आणि दुसऱ्याच्या वेळी महापालिकेत प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. मार्च २०२२पासून सगळा कारभार प्रशासकाकडे होता.

दुसरी डिलिव्हरी

५ सप्टेंबर २०२५ रोजी बीकेसीमध्ये टेस्लाच्या भारतातल्या पहिल्या गाडीची डिलिव्हरी झाली. टेस्लाची वाट भारतात लोकांनी फारच पाहिली होती. २०१६मध्ये हजार डॉलर भरून बुकिंग केलेले लोक होते. जुलै २०२५मध्ये शोरूम उघडलं ते जवळपास साठ लाखांच्या मॉडेल वाय गाडीसह. पहिली गाडी घेतली राज्याचे परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी. नातवाला भेट देणार आणि पर्यावरणपूरक वाहतुकीचा संदेश देणार, असं त्यांनी सांगितलं. पांढरी गाडी, कॅमेरे, टाळ्या.

याच परिवहन खात्याची आणखी एक डिलिव्हरी आहे. एसटी महामंडळाने ५,१५० इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावर घ्यायचं कंत्राट २०२३मध्ये केलं. मे २०२५पर्यंत त्यातल्या हजार यायच्या होत्या. आल्या नाहीत. मंत्री चिडले, कंत्राट रद्द करा म्हणाले. चिडले हे बरोबरच केलं. पण मे महिन्यात बस आली नाही म्हणून चिडलेला मंत्री सप्टेंबरमध्ये स्वतःची गाडी आली म्हणून पेढे वाटतो, तेव्हा कोणता संदेश पोचतो? तुमची बस येईल तेव्हा येईल, आमची गाडी आली.

मुंबईत वेगळं नाही. बेस्टने २०२२च्या सुरुवातीला ९०० इलेक्ट्रिक दुमजली बसचा निर्णय घेतला. रस्त्यावर आल्या जेमतेम पन्नासेक. सप्टेंबर २०२३मध्ये डिझेलच्या जुन्या डबलडेकरला मात्र आपण हारतुरे घालून निरोप दिला, रडून रील केले. मे २०२२मध्ये आणखी २,१०० इलेक्ट्रिक बसची ऑर्डर दिली, त्याही ठरल्या वेळी आल्या नाहीत. एके काळी चार हजारांच्या वर असलेला बेस्टचा ताफा २०२५मध्ये तीन हजारांच्या खाली गेला. त्यातही बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या बस मोजक्याच, बाकी कंत्राटदारांच्या.

मी आठ महिने वाट पाहिली तर ग्रुपवर शंभर जण माझ्याबरोबर बोंब मारत होते. कंपनीला टॅग करत होते, ग्राहक मंचाची धमकी देत होते. साडेतीन वर्षं न आलेल्या बससाठी असा एकही ग्रुप माझ्या माहितीत नाही. कुर्ला स्टेशनबाहेर बसच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईकडे बुकिंगची पावतीच नसते. पैसे तिनेही भरलेत, घरपट्टीतून, करातून, तिकिटातून. पण डिलिव्हरीची तारीख विचारायची कोणाला, हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

पैसे नाहीत हे उत्तर मला देऊ नका. मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. त्यात बेस्टला १,००० कोटी. शंभरातला सव्वा रुपया म्हणा. दक्षिण मुंबईचा साडेदहा किलोमीटरचा कोस्टल रोड सुमारे १४ हजार कोटींचा. त्यावर स्कूटर चालत नाही, रिक्षा चालत नाही. माझी गाडी चालते.

बस विजेची केली की सगळं सुटतं असंही नाही. ९ डिसेंबर २०२४च्या रात्री कुर्ल्यात ३३२ नंबरची बस गर्दीत घुसली. सात माणसं गेली, जखमींपैकी आणखी काही पुढे दगावली. ती बस इलेक्ट्रिकच होती, कंत्राटी होती, आणि तसली बस चालवण्याचं चालकाचं प्रशिक्षण काही दिवसांपलीकडे नव्हतं, हे नंतर बाहेर आलं. बॅटरी नवीन आणि माणूस घाईत भरलेला, असं चालत नाही. बससेवा म्हणजे डेपो, मेकॅनिक, पगार, प्रशिक्षण. हे सगळं विकत घ्यायचं तर पैसे लागतात, आणि त्यातले काही माझ्या कोटेशनमधल्या शून्यात अडकलेले आहेत.

मला राग का आला नाही

पहिल्या सोमवारी मी गाडी घेऊन ऑफिसला गेलो. मागाठाणे ते चकाला. मेट्रो ७ने हाच प्रवास गुंदवलीपर्यंत पंचवीस-तीस मिनिटांचा आहे, पुढे दहा मिनिटं चालायचं. गाडीने एक तास दहा मिनिटं लागली. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. त्या एक तास दहा मिनिटांत मला राग आला नाही. एसी चालू, गाणी चालू, इंजिनाची घरघर नाही, पेट्रोल जळतंय ही टोचणी नाही. बंपरला बंपर लावून उभं राहूनसुद्धा मी निवांत होतो.

त्याचीच मला नंतर भीती वाटली. इलेक्ट्रिक गाडी रस्त्यावर पेट्रोल गाडीएवढीच जागा अडवते. बॅटरीमुळे वजनाला उलट जास्तच. हायवेवर माझ्यासारख्या हजार गाड्या हिरव्या प्लेट लावून उभ्या राहिल्या तरी मागची बस तेवढाच वेळ अडकणार. फक्त ती कोंडी आता मला बोचणार नाही. आणि ज्यांना बोलता येतं, इंग्रजीत ईमेल लिहिता येतो, ट्विट करून अधिकाऱ्याला उत्तर द्यायला लावता येतं, त्यांनाच कोंडी बोचेनाशी झाली तर बोलणार कोण?

बाबांच्या ऑफिसचे साहेब आणि शिपाई एकाच लोकलने यायचे. साहेब फर्स्ट क्लासमध्ये असतील, पण गाडी वीस मिनिटं लेट झाली तर दोघेही लेट. म्हणून गाडी लेट होणं ही साहेबाचीही अडचण असायची. आज साहेब रांगेतून निघून गेलेत. मीही निघालो. माझ्या ईएमआयची खरी किंमत ही आहे, आणि ती मी एकटा भरत नाही.

विजेचंही एक सांगायला हवं. उपनगरातल्या आमच्यासारख्यांच्या घरी येणाऱ्या विजेचा एक भाग डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्रातून येतो. कोळशावर. १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला, चिकूच्या वाड्यांचा तो तालुका. पेट्रोलचं इंजिन बहुतेक ऊर्जा उष्णतेत घालवतं, त्यामुळे हिशेब केला तर कोळशाच्या विजेवरही माझी गाडी पेट्रोलपेक्षा बरी ठरते. हे मान्य. पण शून्य नाही. माझ्या सायलेन्सरमधून न निघालेल्या धुरातला काही भाग दुसऱ्या कुणाच्या वाडीवर निघतो.

चार्जरची लढाई

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग विकून टाक. विकणार नाही. बाबांचे गुडघे गेलेत आणि मला गाडी आवडते. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं आहे, हेही कबूल करतो. पण एक प्रसंग सांगतो. हा सगळा लेख त्याच्यामुळे लिहितोय.

आमची सोसायटी नव्वदच्या दशकातली, स्टिल्ट पार्किंगची. चार्जर बसवायची परवानगी मागितली तर कमिटीने नाही म्हटलं. आग लागेल, मीटर रूमवर लोड येईल, केबल कोणाच्या पार्किंगवरून जाणार, उद्या सगळेच मागतील. मी पेटलो. घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते असं सांगणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं काढली. गाडीसाठी वेगळी जोडणी मागायचा ग्राहकाला हक्क देणारी फेब्रुवारी २०२४ची नियमदुरुस्ती काढली. प्रिंट मारल्या, सभेत वाटल्या, पर्यावरण, पुढची पिढी, दिल्लीची हवा, सगळं बोललो. जिंकलो. टाळ्याही पडल्या.

त्याच सभेत शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये, एक तक्रार आली. सामान पोचवायला येणारा एक मुलगा वॉचमनच्या केबिनमधल्या प्लगवर आपली इलेक्ट्रिक स्कूटर दहा-पंधरा मिनिटं लावतो. भाड्याची स्कूटर, दिवस संपत आला की बॅटरी संपते. ठराव आला: बाहेरच्या वाहनांना सोसायटीत चार्जिंगला सक्त मनाई. अर्ध्या तासापूर्वी मी जी कारणं खोडून काढली होती, तीच कारणं. आग, लोड, उद्या सगळेच मागतील. एकमताने मंजूर.

एकमतात मी होतो. हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. माझा चार्जर नुकताच मंजूर झाला होता, कमिटीशी परत वाकडं कशाला घ्या, असा विचार केला. त्या मुलाची स्कूटर माझ्या गाडीच्या पासंगालाही पुरणार नाही एवढी वीज खाते. दिवसभर तो तिच्यावरून आमच्याच घरचं दूध, औषधं आणि माझे हेडफोन आणतो. पर्यावरणाच्या भाषेत बोलायचं तर सभेतला सगळ्यात हिरवा माणूस तो होता, आणि तो सभेत नव्हता. पुढची पिढी वगैरे मी जे बोललो होतो, ते सगळं माझ्या पार्किंगच्या पिवळ्या रेषेत संपत होतं.

म्हणून आता ज्या गोष्टी मी मागतो, त्या स्वतःविरुद्ध मागतो. वीस लाखांच्या गाडीवरचा रोड टॅक्स घ्या. पेट्रोलच्या अर्धा घ्या, पण घ्या, आणि ते पैसे थेट शहराच्या बससेवेच्या नावाने जमा करा. टोलमाफी बसला ठेवा. त्याच धोरणात ई-बसलाही ती आहे, ती चांगली गोष्ट आहे. कारला कशाला? ज्याला नव्या मुंबईला अटल सेतूवरून स्वतःच्या गाडीने जायचंय, त्याला अडीचशे परवडतात. मला परवडतात. सवलत द्यायचीच असेल तर रिक्षावाल्याला द्या, डिलिव्हरीच्या स्कूटरला द्या, जे दिवसभर रस्त्यावर असतात आणि ज्यांचं इंजिन बदललं तर हवेत खरंच फरक पडतो. आणि बेस्टच्या, एसटीच्या प्रत्येक बस-ऑर्डरची डिलिव्हरीची तारीख जाहीर लावा, माझ्या गाडीची मला अ‍ॅपवर दिसायची तशी: किती बनल्या, किती निघाल्या, किती आल्या. हे करायला काही अवघड सॉफ्टवेअर लागत नाही. पोट भरायला मी तेच करतो, त्यामुळे खात्रीने सांगतो.

तुमच्यातल्या ज्यांनी गाडी बुक केलीय आणि वाट बघताय, त्यांना एकच विनंती. सेल्सवाल्याला दर दोन दिवसांनी जो फोन करता, तसा एक फोन नगरसेवकालाही करा आणि बसची तारीख विचारा. त्याच आवाजात, त्याच हक्काने. आठ महिन्यांत मला कळलंय की आपल्याला पाठपुरावा उत्तम येतो.

सोसायटीची पुढची सभा येत्या महिन्यात आहे. सेक्रेटरींना मी पत्र दिलंय. गेटजवळ एक सॉकेट, वेगळ्या सबमीटरवर, सामान घेऊन येणाऱ्यांच्या स्कूटरसाठी; बिल माझ्या मेंटेनन्समध्ये लावा. सेक्रेटरी काका पत्र वाचून म्हणाले, "अरे, तुझं काम झालंय ना? मग आता कशाला?"

सभेत उत्तर देईन म्हटलं. या वेळी हात वर करून.